एकीला आहे

फॉर्मवरचा एकतिसावा प्रश्न असा होता: ‘घरातल्या मुलांना अभ्यासासाठी शांत जागा आहे का?’ पुढे दोन चौकोन होते, एक ‘हो’चा आणि एक ‘नाही’चा. दोन्ही कोरे. शेजारच्या समासात माहिती गोळा करणाऱ्यानं दोनच शब्द लिहिले होते: ‘एकीला आहे.’ निळं पेन त्या आधीच्या पानावर दगा देऊन गेलं असावं, कारण इथून पुढे सगळं हिरव्या शाईत होतं. बारकीनं ते वाचलं आणि तिचा हात माउसवर तसाच राहिला. रोजचे साठ फॉर्म हातावेगळे करणारी बाई ती. एका फॉर्मला सहा-सात मिनिटं, त्यात चहाचे घोट धरून. पण या दोन शब्दांपाशी ती अशी अडकली, की पलीकडच्या टेबलावरच्या नकाशेवाल्यानं मान वर करून विचारलं, ‘‘काय, मशीन बंद पडलं?’’ ती म्हणाली, ‘‘नाही. मीच.’’

ऑफिसचं काम तसं सरळ होतं. दोन देश घ्यायचे आणि माणसं कशी राहतात याची तुलना करायची. खोल्या किती, खोलीमागे माणसं किती, नळ घरात की बाहेर, दिवा किती तास, दवाखाना किती अंतरावर. एक देश बारकी जन्मली तो आणि दुसरा गेली अठ्ठावीस वर्षं ती राहत होती तो. पहिल्या देशाचे फॉर्म हातानं भरलेले यायचे आणि ती भाषा वाचणारं ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ही नोकरी तिला चालून आली होती. उत्तर वाचायचं आणि त्याचा आकडा करायचा. हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन, उत्तरच नसेल तर नव्व्याण्णव. मग ते आकडे नकाशेवाल्याकडे जायचे आणि तो रंग भरायचा. जिथं बरं आहे तिथं फिकट पिवळा, जिथं वाईट तिथं गडद तपकिरी. ‘‘तुमचा देश रंगवायला मला तपकिरी पुरत नाही,’’ असं तो पहिल्या वर्षी गमतीनं म्हणाला होता. तिनं तेव्हा हसून सोडून दिलं आणि संध्याकाळी घरी गेल्यावर भांडी जरा जोरात आदळून घासली होती. आता पाच-सहा वर्षांत तोच म्हणायला लागला होता, की पिवळा संपत आला. तुमच्याकडे भराभर उजळतंय सगळं. याचाही तिला का कोण जाणे, आनंद व्हायच्याऐवजी थोडा रागच यायचा, जसं आपल्या पाठीमागे कुणीतरी आपलं घर झाडून लख्ख केलं आणि आपल्याला विचारलंही नाही.

घरात सगळ्यात धाकटी म्हणून बारकी. आता पन्नाशी आली, चष्म्याचे नंबर दोन झाले, इथल्या लोकांनी तिचं खरं नाव आपल्या जिभेला सोसेल असं मोडून घेतलं, तरी स्वतःशी बोलताना ती बारकीच होती. ‘बारके, ऊठ. बारके, गॅस बंद केलास का?’ बोलायला घरात दुसरं होतं तरी कोण. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात आणि नवरा कधीचाच दुसऱ्या घरात. तीन खोल्या आणि माणूस एक. तिनं एकदा सहज स्वतःचा फॉर्म भरून पाहिला होता, तर खोलीमागे माणसं शून्य पूर्णांक तेहतीस आली. म्हणजे एका खोलीत माणसाचा तिसरा हिस्सा. कधीकधी संध्याकाळी दिवे न लावता बसली असताना तिला ते अगदी खरं वाटायचं. कोटाबरोबर आपला एक हिस्सा दाराशी टांगलेला, एक स्वयंपाकघरात आणि एक इथं खुर्चीत.

ती फॉर्म घेऊन विभागप्रमुख बाईंकडे गेली. बाई वाईट नव्हत्या. कुणाचाही वाढदिवस विसरत नसत आणि कुणाच्याही दुःखाला दोन्ही हातांनी धरत. त्यांनी उत्तर ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे हो, ना? शांत जागा आहे. एक लाव.’’

‘‘पण घरात मुली दोन आहेत.’’

‘‘मग?’’

‘‘दुसरीला नाही.’’

‘‘प्रश्न जागेचा आहे गं, मुलींचा नाही,’’ बाई समजुतीनं म्हणाल्या. ‘‘तुला बरं वाटत नसेल तर नव्व्याण्णव लाव आणि पुढे जा.’’

‘‘नव्व्याण्णव म्हणजे उत्तर दिलं नाही. त्यांनी तर दिलंय.’’ आपला आवाज चढलाय हे बारकीच्या फार उशिरा लक्षात आलं. बाईंनी खुर्ची मागे घेतली आणि तिच्याकडे दोन्ही हातांनी धरण्याच्या नजरेनं पाहिलं. ‘‘घरी जा आज. आणि खरं सांगू? मला नेहमी वाटतं, तिकडे माणसं दाटीवाटीनं राहतात पण समाधानी असतात. आमच्याकडे ते हरवलंय.’’ बारकीनं फॉर्म उचलला. हे वाक्य तिनं इथं इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यावर द्यायचं उत्तर आता झिजून गुळगुळीत झालं होतं. शिवाय ते वाक्य खोटंही नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

कारण ती खोली तिला आठवायची ती खरोखरच प्रेमानं. बारा बाय दहाची, खोल्यांच्या एका लांबलचक रांगेतली सातवी. आई, बाबा, ताई, दादा, आत्या आणि ती. बाबा बसच्या आगारात सीटा शिवायचे, त्यामुळे घरातलं बसण्या-झोपण्याचं सगळं हिरव्या रेक्झिनचं. उशासुद्धा. उन्हाळ्यात गाल चिकटायचा त्याला, आणि सकाळी प्रत्येकाच्या गालावर शिवणीची एक रेघ उठलेली असायची, जणू सगळे रात्रभर एकाच बसनं प्रवास करून आलेत. ज्याची त्याची जागा ठरलेली. आत्या चुलीच्या भिंतीला लागून, कारण तिचा खोकला ऊब मागायचा. बाबा दाराशी आडवे, पाय निम्मे बाहेर. दादा ट्रंकेवर. आणि कुणी कूस बदलली तरी सगळ्यांना कळायचं, तशा झोपेतच सगळे जरा सरकून घ्यायचे. अंधारात कुणी विनोद केला तर हसू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला वेळ लागत नसे. आई म्हणायची, ‘‘पुरे आता, भिंतीपलीकडचेही हसायला लागलेत,’’ आणि ते खरंच हसत असायचे. इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात बारकीला झोप लागेना. डॉक्टरांनी काळजीनं विचारलं, की आवाज येतात का? ती म्हणाली, येत नाहीत, म्हणूनच. डॉक्टरांना काही ते उमगलं नाही.

पण त्या खोलीला एक माळाही होता. चार फूट उंचीचा, फळ्यांचा, सहा पायऱ्यांची शिडी लावून चढायचा. वर एक पिवळा दिवा, दोरी ओढली की लागणारा, आणि एक हातभर झरोका. वर गेलं, शिडी ओढून घेतली, की खालच्या पाच माणसांचा गलबला पाण्याखालून आल्यासारखा यायचा. घरातली एकुलती एक शांत जागा. आणि ती ताईची होती. ताई तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, इमारतींचे नकाशे काढायचं शिकत होती. तिचा तो दाराएवढा फळा, ती लांब पट्टी, बाटलीतली काळी शाई, आणि दाढी करावी तशा बेतानं ओढलेल्या रेघा. ती काम करताना जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढायची. बारकी शिडीवर उभी राहून नुसतं तेवढंच पाहत बसायची.

त्या वर्षी दोघींच्याही परीक्षा होत्या, ताईची शेवटची आणि बारकीची शाळेची. एका सकाळी बाबा आरशापुढे गाल फुगवून दाढी करत होते आणि आईला म्हणाले, ‘‘दोघींना काही जमायचं नाही. जी चमकेल तिला पुढे पाठवू.’’ बारकी पाणी भरून आली होती. घागर खांद्यावर तशीच ठेवून तिनं ते ऐकलं. आणि चार दिवसांनी ती जेवताना म्हणाली, ‘‘आई, खाली आत्या खोकते, माझं लक्षच लागत नाही. वरचेवर डोकं दुखतं.’’ डोकं दुखत नव्हतं. आत्याचा खोकला तर तिला अंगाईसारखा होता, तो थांबला तर तिला जाग यायची. आत्यानं ताटातला हात थांबवला आणि हळूच म्हणाली, ‘‘मी बाहेर ओट्यावर झोपत जाईन.’’ ताईनं आत्याकडे पाहिलं, बारकीकडे पाहिलं आणि ती म्हणाली, ‘‘कशाला? बारकी जाऊ दे वर. मी खाली काढीन.’’ त्याच संध्याकाळी तो दाराएवढा फळा शिडीवरून खाली उतरला. दादानं एका बाजूनं धरला होता आणि ‘पालखी, पालखी’ म्हणून नाचवत होता. सगळे हसले होते. बारकीही.

इथवर ही आठवण तिच्यापाशी नेहमीच होती, आणि ती तिला नीट घडी घालून ठेवता यायची: ताईचं मन मोठं, ताईनं दिलं. पुढचा भाग मात्र ती टाळायची. आज बसमध्ये खिडकीशी बसून घरी जाताना त्या दोन हिरव्या शब्दांनी तो टाळू दिला नाही. एप्रिल होता. ताई खाली ट्रंकेवर फळा टाकून, गुडघ्यांवर बसून शेवटचा मोठा नकाशा पुरा करत होती. एका शाळेचा नकाशा, तीन आठवड्यांचं काम. बारकी वर पालथी पडून वाचत होती आणि फळ्यांच्या फटीतून तिला ताईचा भांग दिसत होता. दादा आला, घाईत, सदरा ओढायला वाकला आणि त्याच्या पायानं शाईची बाटली कलंडली. शाई अगदी सावकाश पसरली. शाळेच्या वर्गांतून, व्हरांड्यातून, जिन्यावरून. ताई ओरडली नाही. तिनं फक्त मान वर केली आणि माळ्याकडे पाहिलं. बारकीनं डोळा फटीवरून बाजूला घेतला आणि पान उलटलं. पान उलटल्याचा आवाज मुद्दाम केला. पुढचा नकाशा घाईत झाला, उशिरा गेला, आणि जूनमध्ये ताई एका विषयात गेली. बारकी तालुक्यात पहिली आली. पुढचं सगळं त्यातूनच निघालं: मोठं कॉलेज, मग शिष्यवृत्ती, मग विमान, मग हे ऑफिस. ताई शाळेच्या कचेरीत कारकून लागली, तीस वर्षं दाखले लिहिले, आणि तिच्या त्या सुंदर अक्षराचं गावभर कौतुक झालं.

त्यानंतर बहिणी बोलायच्या नाहीत असं नव्हतं. उलट दर शनिवारी बोलायच्या. पण बोलायच्या काय, तर ‘तिकडे’ आणि ‘इकडे’. तिकडे काय थंडी का? इकडे भाज्या अशा आल्यात. सुरुवातीची वर्षं बारकी सांगायची आणि ताई ऐकायची: इथं नळाला गरम पाणी येतं, इथं बस मिनिटाला मिनिट येते, इथं कपडे धुवायला मशीन आहे, आपली पाळी आली की जायचं. पुढे हळूहळू काटा फिरला. खोल्यांची रांग पाडली, तिथं उंच इमारत झाली आणि ताईला तिच्यात तीन खोल्या मिळाल्या. त्याच जमिनीवर, पण चौदा मजले वर. मग ताई सांगायला लागली: ‘‘आमची लिफ्ट बोलते बाई आता. मजला आला की नमस्कार करते.’’ ‘‘दवाखान्याचा नंबर फोनवर लागतो, जाऊन बसायला नको.’’ ‘‘तुमच्याकडे अजून चावीनंच दार उघडता? कमाल आहे.’’ दोघी मिळून जणू बारकीचं ऑफिसच चालवत होत्या, रांगेनं, एकेक कलम. आणि चौतीस वर्षांत त्या कलमांत माळा कधी आला नाही.

शुक्रवारी तिनं त्या फॉर्मला दोन लावला. ‘नाही.’ शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘एकीला आहे म्हणूनच.’ विभागप्रमुख बाईंनी ते वाचलं, भुवया उंचावल्या, आणि कसलाही वाद न घालता सही केली. बारकीला वाटलं होतं की एवढं केल्यावर छातीवरचं उतरेल. तसं काही झालं नाही. शनिवारी सकाळी ताईचा नेहमीचा फोन आला. तिच्याकडे दुपार होती. मागे भाऊजी कसलीशी बातमी मोठ्यानं ऐकत होते.

‘‘काय गं, थंडी काय म्हणते तिकडची?’’

‘‘ताई,’’ बारकी म्हणाली, ‘‘मला एक विचारायचंय. नाही, सांगायचंय. तेव्हा माझं डोकं दुखत नव्हतं.’’

‘‘कधी?’’

‘‘माळ्याच्या वेळी. आत्याच्या खोकल्याचं मी खोटं सांगितलं होतं. बाबा काय बोलले ते मी ऐकलं होतं.’’

पलीकडे बातमीचा आवाज बंद झाला. ताईनं हात केला असावा, किंवा ती दुसऱ्या खोलीत गेली असावी. दार लोटल्यासारखं वाटलं. ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

‘‘आणि शाई सांडली तेव्हा?’’

‘‘मी बघत होते.’’

‘‘माहितेय. फटीतून तुझा डोळा दिसत होता मला.’’

‘‘तू कधी बोलली नाहीस.’’

‘‘तू उतरशील असं वाटलं होतं,’’ ताई म्हणाली. ‘‘नुसती उतरली असतीस. शाई काय, मी पुसलीच असती.’’ आणि मग ‘‘ठेवते मी,’’ म्हणाली आणि खरंच ठेवला. इतक्या वर्षांत ताईनं कधी आधी फोन ठेवला नव्हता. ‘तू ठेव’, ‘नाही तू ठेव’ यातच त्यांची दोन मिनिटं जायची.

तो दिवस बारकीनं कसा काढला तिचं तिला ठाऊक. तिनं खिडक्या पुसल्या, स्वच्छ असलेल्या. मुलीला फोन लावला आणि ती उचलायच्या आत बंद केला. चालायला बाहेर पडली तर आपल्या रस्त्यावरची घरं तिनं पहिल्यांदाच नीट पाहिली: एकेक घर, एकेका घरात इतक्या जागा, प्रत्येक मुलाला आपलं दार. इथं कुणाला फळा खाली उतरवावा लागला नसेल, आणि कुणी माळ्यावर पालथं पडून कुणाचा भांगही पाहिला नसेल. हे बरं की वाईट, ते तिला ठरवता येईना. समाधान-बिमाधान सगळं खरं, पण तपकिरी रंग कुठून येतो हे ज्याला माहीत आहे त्यानं त्याला निदान सुंदर तरी म्हणू नये. आणि तरीही, त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर, ती बारा बाय दहामध्ये परत जायला चपला घालून तयार होती. फक्त या वेळी खाली. ट्रंकेशेजारी.

रविवारी दुपारी फोन वाजला. तिनं उचलला आणि हॅलो म्हणायच्या आत ताई सुरू झाली.

‘‘आणि पेनं कशाला पाठवलीस गं? सात वर्षांपूर्वी? ती नकाशे काढायची, भारीतली? चौतीस वर्षांपूर्वी पाठवायची होतीस! मी कपाट उघडलं की ती डबी माझ्याकडे बघायची. शेवटी मी शेजारच्या पोरीला देऊन टाकली, तिनं रांगोळीसारखी फुलं काढली त्यांनी आणि मला रडू आलं, आणि हे बघत होते, ह्यांना काय सांगू मी?’’

‘‘ताई, मला वाटलं...’’

‘‘तुला वाटलं! तुला नेहमीच वाटतं. आत्या गेली तेव्हा तू आली नाहीस. पत्र पाठवलंस, चार पानी, त्यात अर्धं पान तुमच्याकडच्या बागांचं. आत्या ओट्यावर झोपायची गं शेवटी, सवयच लागली होती तिला, थंडीतसुद्धा आत यायची नाही. म्हणायची, बारकीला त्रास नको. तू परदेशात, आणि ही म्हणतेय बारकीला त्रास नको!’’

हे बारकीला माहीत नव्हतं. ती स्वयंपाकघरात उभी होती ती खाली फरशीवर बसली, कपाटाला टेकून. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडातून, तिला स्वतःलाच नवल वाटलं, राग आला. ‘‘मग तेव्हा का नाही बोललीस? मी काय देवाच्या घरी होते? मला इथं कोण होतं ताई? पहिली दोन वर्षं मी भिंतीशी बोलत होते. तुझी पत्रं यायची तर त्यात पाऊसपाणी! एक शिवी दिली असतीस तर मी पोचले असते गं तिथं!’’

‘‘तुला शिवी द्यायला मी काय अडाणी आहे?’’

‘‘मग काय आहेस? नमस्कार करणाऱ्या लिफ्टच्या गोष्टी सांगतेस मला!’’

‘‘आणि तू? मिनिटाला मिनिट बस! त्या बसनं आली असतीस एकदा!’’

मागे भाऊजी विचारत होते, कोण आहे, काय झालं, पाणी आणू का, आणि ताई त्यांना ओरडली, ‘‘तुम्ही मध्ये पडू नका, आमचं घरातलं चाललंय.’’ मग पुन्हा बारकीवर आली. दादाच्या लग्नातली साडी काढली, आईच्या शेवटच्या आजारातले तीन आठवडे काढले, बारकीनं नवऱ्याला सोडलं ते सगळ्यांना कळून वर्षभरानं ताईला कळलं, ते काढलं. बारकीनंही काढायचं ते काढलं. कधी दोघी एकदम बोलत होत्या, कधी एकमेकींचं वाक्य तोडत होत्या. पाऊण तास झाला. खिडकीबाहेरचं ऊन समोरच्या भिंतीवरून उतरून गेलं. बारकीचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला, पण तिनं हलवला नाही, कान फोनला इतका दाबून धरला होता की तो गरम झाला होता आणि दुखत होता. ताईचा श्वास तिला ऐकू येत होता, वर चढून आलेला, धापेचा, अगदी शेजारी झोपल्यासारखा.

मध्येच ताई थांबली. तिकडे कुणीतरी दार वाजवलं होतं.

‘‘कुणी आलंय,’’ ती म्हणाली. नाक पुसल्याचा आवाज आला. ‘‘उद्या कामाला आहेस का तू?’’

‘‘आहे. पाचला सुटते.’’

‘‘मग सव्वापाचला करते. उचल. माझं संपलेलं नाही अजून.’’